मदत हवी आहे: पालिकेला अपक्ष उभं राहायचंय, प्रभागात नामाप्र (म्हणजे ओबीसी) महिला आरक्षण पडलंय

गिरणीवाली | ९ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, क वर्ग नगरपरिषद, दहा प्रभाग, वीस जागा. नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

काल आरक्षणाची सोडत झाली. आमच्या प्रभागातली 'अ' जागा नामाप्र महिला निघाली, 'ब' सर्वसाधारण. संध्याकाळी दिवेलागणीला दोन पक्षांची माणसं एकापाठोपाठ घरी हजर. बसली कुणाजवळ, तर आमच्या यांच्याजवळ. मी आत चहा टाकत होते. "वहिनींचा माहेरचा दाखला आहे ना, मग झालं तर! बाकीचं आम्ही बघतो. वहिनींना फक्त सहीला आणि फोटोला यायचंय." दुसऱ्या पार्टीनेही शब्द थोडे इकडेतिकडे करून हेच सांगितलं. रात्री मी यांना म्हटलं, उभी राहीन, पण यांच्यापैकी कुणाकडून नाही. हे आधी हसले, मग म्हणाले, खर्चाचं काय ते बघ, मग बोलू. म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

माझी पिठाची गिरणी आहे. प्रभागातली निम्मी घरं दळणाला येतात. पाणी दिवसाआड, तेही पहाटे. कुठल्या बोळाचा व्हॉल्व्ह कधी सुटतो आणि कुणाच्या उंबऱ्याशी गटार तुंबतं हे मला कुणी सांगावं लागत नाही. सोडवायचं कसं ते शिकेन.

आता अडचणी. माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, आम्ही सुतार. जातीचा दाखला कॉलेजला असताना काढलेला, माहेरच्या नावाचा. जात वैधता प्रमाणपत्र काढलेलं नाही. मतदार यादीत अर्थातच सासरचं नाव. घर सासूबाईंच्या नावावर, घरपट्टी थकलेली. धाकटे दीर पालिकेला उन्हाळ्यात टँकर पुरवतात, ते वेगळे राहतात. यातलं काय आडवं येईल? आणि अपक्षाला खरंच मतं पडतात का?

राजकारणात पडू नकोस हा सल्ला घरात फुकट मिळतोय, तो इथे नको.

जुना_पार | ९ ऑक्टोबर

ताई, मी पालिकेच्या करवसुलीतून निवृत्त झालोय, छाननीच्या टेबलाजवळ बरेचदा बसलोय. आधी दाखल्याचं बोलू, कारण बाकीचं ऐन वेळी निस्तरता येतं, हे येत नाही.

बाईची जात जन्माची धरतात, लग्नाने बदलत नाही. त्यामुळे सासरच्या नावाचा दाखला काढायच्या फंदात पडू नका, माहेरचा तोच खरा. फक्त दाखल्यावरची आणि अर्जावरची बाई एकच आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर उत्तम, राजपत्रात नाव बदललं असेल तर तेही जोडा. नुसतं प्रतिज्ञापत्र लावणारे पुष्कळ असतात, पण समोरच्याने वकील उभा केला की ते तोकडं पडतं.

वैधतेचा अर्ज जिथून दाखला निघाला त्याच जिल्ह्याच्या जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे. म्हणजे तुम्हाला सोलापूर. ऑनलाइन भरायचा, कागद कार्यालयात द्यायचे, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. वडिलांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढा. आजोबांच्या पिढीची जन्म-मृत्यूची नोंद, गाव नमुना १४, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते; जातीचा रकाना भरलेला आहे ना ते तिथेच वाचून घ्या. आणि माहेरी फोन करून विचारा की भाऊ, चुलते, चुलतभाऊ यांच्यापैकी कुणाची वैधता झालीय का. असेल तर ती प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, निम्मं काम झालं. नॉन क्रिमीलेयर निवडणुकीला लागत नाही, त्यात दिवस घालवू नका.

अर्ज भरताना वैधता हातात नसली तर समितीची पोच आणि हमीपत्र चालतं. पण निवडून आल्यावर सहा महिन्यांत प्रमाणपत्र दिलं नाही, तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द. गुलाल उधळून झालेली माणसं यात घरी गेलेली आहेत. दिवाळी तोंडावर आहे, कार्यालयं बंद राहतील, त्याआधी सोलापूर गाठा.

घरपट्टी कुणाच्याही नावावर असो, भरून टाका आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. पावती नव्हे, दाखला. पाणीपट्टीचं खातं वेगळं असतं, लोक तिथे अडकतात.

दिरांचं प्रकरण १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १६ मध्ये येतं. पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असला की अपात्र. दीर वेगळे, धंदा वेगळा, यजमान भागीदार नाहीत, जामीन नाहीत, तर मला अडचण दिसत नाही. तरी टँकरचं आरसी बुक एकदा डोळ्यांनी बघा.

विचारलं नाहीत तरी लिहितो: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर पुढचं काहीच वाचू नका.

गिरणीवाली | १० ऑक्टोबर

काका, मुलं दोनच. आरसी बुक बघितलं. टँकर यांच्या नावावर! दिरांना कर्ज मिळेना म्हणून तेव्हा यांच्या नावावर काढलेला आणि सगळे विसरून गेलेले. रात्रभर घरात तोच विषय.

जुना_पार | १० ऑक्टोबर

घाबरू नका, पण वकिलाला आजच दाखवा. ठेका उन्हाळ्यापुरता होता ना? मग मुदत संपल्याचं आणि कुठलंही बिल बाकी नसल्याचं पत्र पालिकेकडून घ्या. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजा उतरवून टँकर दिरांच्या नावावर करा. अर्ज भरायच्या दिवशी चालू ठेका आणि यजमानांचं वाहन अशी जोडी कागदावर दिसता कामा नये.

रोखठोक_बापू | १० ऑक्टोबर

नाउमेद करत नाही, पण अपक्ष नगरसेवक सभागृहात करतो काय? नगराध्यक्ष थेट जनतेतून, तो एका पक्षाचा. निधी आमदाराच्या शिफारशीने, तो त्याच पक्षाचा. सरकारच्या नगरोत्थान योजनेची कामं कुठल्या प्रभागात टाकायची हे सभेच्या आधीच ठरलेलं असतं. तुम्ही गटारासाठी भांडणार आणि गटार शेजारच्या प्रभागात होणार. तिकीट घरी चालत आलंय तर घ्या, अटी घाला, निवडून आल्यावर तुमचं तुम्ही बघा. पक्षाचा ए-बी फॉर्म म्हणजे चिन्ह, बूथवरची माणसं, शेवटच्या दोन दिवसांची गाडीघोडी. अपक्षाला चिन्ह पोचवण्यातच अर्धा प्रचार जातो.

सहीपुरती_नाही | ११ ऑक्टोबर

बापूंचं निधीचं म्हणणं खोटं नाही. पण "निवडून आल्यावर तुमचं तुम्ही बघा" हे ज्याने पक्षाकडून येऊन बघितलंय त्याला विचारा. मी नगरपंचायतीत एक पंचवार्षिक काढली, पक्षाच्या चिन्हावर. सभेच्या नोटिशीचं पाकीट यांच्या हातात पडायचं, विषयपत्रिका मी सभेत बसल्यावर वाचायची. पक्षादेशाविरुद्ध हात वर केला की १९८६ च्या अनर्हता कायद्याची आठवण करून द्यायचे. पुढे मी शिपायाला सांगितलं की नोटीस मलाच द्यायची, सही माझीच घ्यायची. त्यावरून घरात महिनाभर अबोला. पण त्यानंतर मी विषय वाचून जायला लागले आणि विरोध असेल तिथे तो इतिवृत्तात नोंदवून घ्यायला लागले. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तो शब्द गाळलेला नाही ना, हेही बघायचं. मुख्याधिकारी तोंडी भांडणाला भीक घालत नाहीत, लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं.

गिरणीवाली ताई, एवढंच लक्षात ठेवा की अपक्ष निवडून येऊन नंतर पक्षात गेलात तरी तोच कायदा लागतो. मग ते "बघू नंतर" चालत नाही.

आता मतांचं. क वर्गात प्रभाग साधारण दोन-अडीच हजार मतदारांचा. तिरंगी लढत झाली तर सहा-सातशे मतांवर माणूस निवडून येतो. एवढी मतं तुमच्या गिरणीवर दळण ठेवून जातात! पण ती यादीत आहेत का ते बघा. प्रारूप यादी लागलीय, आजच घ्या. विधानसभेची यादी प्रभागवार फोडताना एका बोळाची अख्खी ओळ शेजारच्या प्रभागात जाते, दर वेळी जाते. ते हरकत घेऊन दुरुस्त होतं. नवीन नाव घालणं किंवा वगळणं मात्र या टप्प्यावर राज्य आयोग करत नाही, त्यामुळे "माझं नाव घालून द्या" म्हणणाऱ्यांना खोटी आशा दाखवू नका. यादी गिरणीत ठेवा. बाई डबा घेऊन आली की तिचं घर शोधायचं, कोण बाहेरगावी, कोण वारलं, कुणाची सून अजून माहेरच्या यादीत, पेन्सिलीने खुणा. यासारखा प्रचार नाही आणि याला पैसा लागत नाही.

गिरणीवाली | १६ ऑक्टोबर

सोलापूरहून पोच मिळाली. थोरल्या चुलत्यांच्या मुलाची वैधता निघाली, तीच लावली. यादीत कुंभारगल्लीची पन्नासेक नावं पलीकडच्या प्रभागात गेली होती, हरकत दिली. बापू, तिकिटाला मी नाही कळवलं. निरोप न्यायला आलेले गृहस्थ पुन्हा यांनाच विचारत होते, "नक्की ना?"

टॅलीवाला | ६ नोव्हेंबर

कार्यक्रम जाहीर झाला म्हणून धागा वर काढतोय. अर्ज १० ते १७ नोव्हेंबर, छाननी १८ ला, मतदान २ डिसेंबर. क वर्गात सदस्याला खर्चाची मर्यादा आता अडीच लाख, नगराध्यक्षाला साडेसात. मर्यादा आहे म्हणून तेवढा करायचा नसतो, हे उमेदवारांना सांगून मी थकलो.

बँकेत निवडणुकीसाठी स्वतंत्र खातं अर्ज भरायच्या आधी उघडा, रोजचे व्यवहार त्यात नकोत. खर्च रोजच्या रोज लिहा. रिक्षा, स्पीकर, मांडव, चहा, पत्रकं, सगळ्याचं बिल. मेव्हण्याने फुकट गाडी दिली तरी तिचं भाडं दरसूचीप्रमाणे धरावं लागतं. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, हरलात तरी. पडलेले उमेदवार इथेच चुकतात आणि पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरतात.

अर्ज संकेतस्थळावर भरून त्याची प्रत सह्यांनिशी द्यायची आहे. शपथपत्रातला एकही रकाना मोकळा सोडू नका, जिथे काही नाही तिथे "निरंक". शौचालय वापराचं स्वयंप्रमाणपत्र विसरू नका. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारे, तुमच्याच प्रभागाच्या यादीतले हवेत. दोन-तीन जादा तयार ठेवा, कारण आदल्या रात्री सूचकांना उचलून न्यायची पद्धत सगळीकडे आहे. १७ तारखेच्या दुपारी तीनची वाट बघू नका.

गिरणीवाली | १८ नोव्हेंबर

अर्ज मंजूर!

हरकत आलीच. पहिल्या दिवशी घरी आलेल्या पक्षाच्याच उमेदवार बाईंच्या वतीने त्यांचे यजमान उभे. दाखला एका नावाचा, उमेदवार दुसऱ्या नावाची, सबब अर्ज बाद करा. मी विवाह नोंदणीचा दाखला पुढे केला, त्याखाली समितीची पोच. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी दोन्ही वाचले, माझ्याकडे बघून विचारलं, "माहेरचं पूर्ण नाव सांगा." सांगितलं. हरकत फेटाळली. मग टँकर. त्यावर मुदत संपल्याचं पालिकेचंच पत्र आणि नव्या नावाचं आरसी बुक. ते गृहस्थ मग माझ्याशी न बोलता यांना म्हणाले, "चांगली तयारी केलीत हो." हे म्हणाले, "तिला सांगा."

चिन्हासाठी तीन पसंती दिल्यात, पहिली कपबशी. आता विचारायचंय ते मतदानाच्या दिवसाचं. माणसं कमी आहेत, कशावर लावू? आणि लोकांना काय सांगू, माझ्याबरोबर 'ब'ला कोण म्हणून सगळे विचारतात.

सहीपुरती_नाही | १८ नोव्हेंबर

अभिनंदन! 'ब'चं नाव अजिबात घेऊ नका. "'ब'ला आणि नगराध्यक्षाला तुमच्या मनाने द्या, 'अ'ला मला द्या," एवढंच. दोन्ही पॅनेलची चिडलेली मतं अशीच मिळतात. घरोघरी पुठ्ठ्याचं नमुना मतदान यंत्र घेऊन जा. तीन मतं द्यायची आहेत हे म्हाताऱ्या माणसांना माहीत नसतं; एक बटण दाबून निघतात आणि मत पूर्ण होतच नाही. तिन्ही झाली की लांब आवाज येतो, तोवर हलायचं नाही असं सांगा.

जुना_पार | १८ नोव्हेंबर

माणसं कमी असतील तर मिरवणुकीवरची काढा आणि केंद्रात बसवा. तुमच्या प्रभागाला तीन केंद्रं असतील. प्रत्येकी एक मतदान प्रतिनिधी, त्याच केंद्राच्या यादीतला, चेहरे ओळखणारा. मतदान साडेसातला सुरू होईल, पण त्याआधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, होतं, त्याला तो हजर हवा. ती मतं पुसून यंत्र शून्यावर आणलेलं बघायचं, मोहोरबंद पट्ट्यांचे नंबर वहीत उतरवायचे. यादीत दोन तारे असलेली नावं दुबार आहेत, तिथे डोळे उघडे. संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून मतांच्या हिशेबाची प्रत घेऊनच उठायचं.

गिरणीवाली | १९ नोव्हेंबर

दोन केंद्रांना नणंद आणि गिरणीतला मुलगा. तिसऱ्याला दीर मागे लागलेत, मीच बसतो म्हणतात. बसवावं का?

जुना_पार | १९ नोव्हेंबर

टँकरवाले? बसवा. कागदाची किंमत त्यांच्याइतकी आता कुणाला कळलेली नसेल. फक्त नेमणुकीच्या फॉर्मवर तुमची सही आदल्या दिवशीच करून ठेवा आणि तिघांनाही डबा घरून द्या, म्हणजे दुपारी जेवायला म्हणून कुणी केंद्र सोडणार नाही.