मिशिगनची मतपत्रिका बाणेरमध्ये बसून भरावी का?

प्रश्न: बाणेरकर

मी बरीच वर्षे डेट्रॉइटच्या परिसरात वाहन-उद्योगात अभियंता होतो. तिथले नागरिकत्व घेतले आणि निवृत्तीनंतर कायमचा पुण्यात परत आलो. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या) कार्डावर भारतात मतदान करता येत नाही, त्यामुळे मला जगात एकच मत आहे आणि ते मिशिगनमध्ये आहे. परदेशात राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाला शेवटच्या वास्तव्याच्या राज्यातून मतदान करता येते. अर्ज वेळेत केला, की निवडणुकीच्या किमान 45 दिवस आधी मतपत्रिका रवाना होते. अमेरिकी संसदेच्या म्हणजे काँग्रेसच्या मध्यावधी निवडणुकीचा (राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होते ती) हा अर्ज माझ्यासमोर पडून आहे आणि तो भरण्याची इच्छा होत नाही. त्याचे कारण 2008 पर्यंत मागे जाते.

त्या वर्षी मी प्रथमच मतदान केले आणि ओबामांना मत दिले. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला 85 अब्ज डॉलरचा आधार देण्यात आला. मग अर्थमंत्री पॉलसन यांनी, जे 2006 पर्यंत गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेचे प्रमुख होते, वित्तसंस्था वाचवण्यासाठी तीन पानांच्या मसुद्यावर 700 अब्ज डॉलर मागितले. आपल्या निर्णयांचा फेरविचार कोणत्याही न्यायालयाला करता येणार नाही, असे कलमही त्या मसुद्यात होते. सिनेटमध्ये ओबामा आणि मॅकेन या दोघांनीही अंतिम विधेयकाच्या बाजूने मत दिले. म्हणजे त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर दोन्ही उमेदवारांचे उत्तर एकच होते, आणि आमच्यापुढे निवड उरली ती बाकीच्या गोष्टींची.

तरीही मी ते समजून घेतले असते. माझा विश्वास उडाला तो मार्च 2009 मध्ये. सरकारी पैशावर जगणाऱ्या एआयजीने ज्या विभागाने कंपनी बुडवली त्याच विभागातील लोकांना 16 कोटी 50 लाख डॉलरचे बोनस वाटले, तेव्हा ओबामांचे आर्थिक सल्लागार लॅरी समर्स यांनी सांगितले, की हा कायद्याचा देश आहे, करार झालेले आहेत आणि सरकारला ते मोडता येत नाहीत. त्याच महिन्यांत आमच्याकडे जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना मदत देताना कामगारांचे करार पुन्हा उघडण्याची अट होती. निवृत्त कामगारांच्या आरोग्यनिधीला देणे असलेल्या रकमेचा मोठा भाग रोखीऐवजी समभागांत देण्यात आला आणि नव्या कामगारांना जुन्यांच्या जवळपास निम्म्या वेतनावर घेण्याची 2007 मध्ये शिरलेली पद्धत अधिक पक्की झाली. एआयजीच्या लंडन आणि कनेटिकटमधील दलालांचा करार पवित्र आणि मिशिगनच्या फ्लिंटमधील जोडारीचा करार मात्र वाटाघाटीचा, हे कोणत्या कायद्यात बसते, ते मला आजही कोणी सांगितलेले नाही.

पुढे माणसे तपासत गेलो आणि निराशा वाढली. ठेवी घेणाऱ्या आणि रोखे-बाजारात व्यवहार करणाऱ्या वित्तपेढ्या वेगळ्या ठेवणारी 1933 ची भिंत पाडणारा कायदा 1999 मध्ये झाला. विधेयक रिपब्लिकनांचे, स्वाक्षरी डेमोक्रॅट क्लिंटन यांची आणि तेव्हाचे अर्थमंत्री हेच समर्स. 2016 मध्ये वॉशिंग्टनची दलदल उपसू म्हणणारे ट्रम्प आले. त्यांनी अर्थमंत्री म्हणून म्नुचिन यांना निवडले, तेही गोल्डमन सॅक्सचेच जुने अधिकारी. पक्ष बदलला तरी अर्थखात्याचे दार त्याच गल्लीत उघडत असेल, तर मी कोरी मतपत्रिका पाठवणे अधिक प्रामाणिक नाही का?

उत्तर: पेठकर

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो आहे, तेव्हा माझा कल कोणीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. आपला राग योग्य आहे, पण त्यातील काही भाग चुकीच्या जागी निघतो आहे. 16 सप्टेंबर 2008 रोजी रिझर्व्ह प्रायमरी या रोखनिधीच्या एका डॉलरच्या हिश्श्याचे मूल्य डॉलरखाली गेले. अशा निधीतील पैसा लोक बँकेतील ठेवीसारखाच सुरक्षित मानत आणि याच निधींच्या जोरावर मोठमोठ्या कंपन्या अल्पमुदतीचे कर्ज काढून पगार भागवत. तो पुरवठा आटला असता, तर आपल्या फ्लिंटच्या जोडारीचा पगारही थांबला असता. बँकांना दिलेले भांडवल तर सरकारला पुढे नफ्यासह परत मिळाले, ही गोष्ट संतापाच्या भरात सांगायची राहून जाते.

बँक वेळेत सावरली नाही, की काय होते, ते पाहायला अमेरिकेला जावे लागत नाही. रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध घातले आणि परवाना रद्द झाला 2022 मध्ये. मधली सारी वर्षे आपल्याच शहरातील वृद्ध ठेवीदार स्वतःच्या पैशासाठी ताटकळत राहिले. त्यांच्यापैकी कोणाला विचारून पाहा, की सरकारने बँकेत पैसे घालावेत का; तत्त्वचर्चा फार वेळ चालणार नाही.

मात्र एका बाबतीत मी आपल्याहूनही कठोर आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील बचत व गृहकर्ज संस्था बुडाल्या, तेव्हा खटले भरले गेले आणि हजाराहून अधिक जणांना दोषी ठरवले गेले. 2008 नंतर मात्र मोठ्या वित्तसंस्थांचे प्रमुख सुखरूप घरी गेले. आपल्याकडे सत्यम या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 रोजी हिशेबातील फसवणुकीच्या कबुलीचे पत्र लिहिले; दोन दिवसांत त्यांना अटक झाली आणि सरकारने संचालक मंडळही बदलले. खटल्याचा निकाल लागायला 2015 उजाडले, हे खरे, पण निकाल लागला. वाचवण्याबरोबर शिक्षा झाली नाही, यात सारे बिघडले. पण त्यासाठी मतपत्रिका कोरी सोडणे हा उपाय कसा, ते मला कळत नाही.

उत्तर: राज्यशास्त्राची विद्यार्थिनी

बाणेरकर सर, आपल्या हकिकतीतून एक तारीख गळली आहे आणि माझ्या मते सारा प्रश्न तिच्याभोवती आहे. 29 सप्टेंबर 2008 रोजी प्रतिनिधीगृहाने हे विधेयक 228 विरुद्ध 205 मतांनी फेटाळले होते. राष्ट्राध्यक्ष, अर्थमंत्री, दोन्ही पक्षांचे सभागृहातील नेते आणि दोन्ही उमेदवार एका बाजूला असताना ते फेटाळले गेले, कारण मतदारांच्या संतप्त दूरध्वनींनी आणि पत्रांनी सदस्यांची कार्यालये भरून गेली होती आणि बहुतेकांची निवडणूक महिन्यावर आली होती. त्या दिवशी डाऊ जोन्स निर्देशांक 777 अंकांनी कोसळला. मग तीन पानांपासून वाढत गेलेला मसुदा सिनेटने चारशेहून अधिक पानांचा केला, ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून अडीच लाख डॉलरवर नेली, अनेक करसवलती जोडल्या (त्यांत मुलांच्या लाकडी बाणांवरील कराची माफीही होती, हे मी रचून सांगत नाही) आणि 3 ऑक्टोबरला तेच सभागृह 263 विरुद्ध 171 मतांनी राजी झाले. मतदारांचे म्हणणे चार दिवस टिकले. चार दिवस फार थोडे आहेत, पण ‘सगळे एकच’ या निष्कर्षात ते बसत नाहीत.

दुसरे असे, की आपण दोन पक्ष पाहिलेत, पण मिशिगनचे दोन सिनेटर पाहिले नाहीत. कार्ल लेव्हिन आणि डेबी स्टॅबेनॉ दोघेही डेमोक्रॅट होते. लेव्हिन यांनी विधेयकाला होकार दिला आणि स्टॅबेनॉ यांनी नकार. अमेरिकेत भारतासारखा पक्षांतरबंदीचा कायदा नाही आणि पक्षादेश मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. त्यामुळे तिथे चिन्हापेक्षा त्या व्यक्तीने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले, ही नोंद महत्त्वाची ठरते, आणि ती सर्वांना खुली असते. आपल्याकडे आमदार अख्खे पक्ष घेऊन इकडून तिकडे जात असताना या कायद्याचे गुण गावेत का, हा वेगळा धागा होईल.

कोऱ्या मतपत्रिकेविषयी मात्र मला ठाम वाटते. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ठरवले, की ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. अमेरिकेत असा पर्याय फक्त नेव्हाडा राज्याच्या मतपत्रिकेवर आहे आणि तिथेही तो निकालावर परिणाम करत नाही. 1976 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका जागेसाठीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्याला सर्वाधिक मते मिळाली, तरी उमेदवारी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसालाच मिळाली. मिशिगनमध्ये तर तोही नाही. 2016 मध्ये ट्रम्प तिथे 10,704 मतांनी जिंकले आणि त्या वेळी सुमारे 75 हजार मतदारांनी राष्ट्राध्यक्षपदाची जागा कोरी सोडली होती. त्यांच्यातील किती जण आपल्याइतके विचारपूर्वक निराश होते, हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. मोजणाऱ्याच्या दृष्टीने ती अनुपस्थिती असते.

आपले म्हणणे पोहोचवायचे असेल, तर त्याची जागा नोव्हेंबर नसून ऑगस्टमधील प्राथमिक निवडणूक आहे. मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाची नोंदणी करावी लागत नाही. कोणत्याही एका पक्षाच्या रकान्यात मत देता येते. तिथे मतदान कमी होते आणि उमेदवार कोण हे तिथेच ठरते.

उत्तर: भोसरीचा लघुउद्योजक

मला अमेरिकेत मत नाही आणि मी तिथे कधी गेलेलो नाही. आमच्या कारखान्यात ट्रकच्या आसांचे सुटे भाग यंत्रावर तयार होतात. ते एका मोठ्या निर्यातदारामार्फत बाहेर जातात. 2009 च्या सुरुवातीला मागणी एकदम बंद झाली. आठवड्यात तीनच दिवस यंत्रे चालवून कामगार टिकवले, तरी काही मुले गावी परतली ती आलीच नाहीत. लेहमन हे नाव त्यांनी ऐकलेही नव्हते.

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचे आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेले. आमचा माल त्यात नेमका कोणत्या दराने धरला जाणार, हे विचारायला रोज दूरध्वनी चालले होते आणि कोणालाच नीट सांगता येत नव्हते. आयात शुल्क लावण्याचा मूळ अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने तिथल्या काँग्रेसला दिला आहे, असे मी त्या काळात वाचले. मध्यावधी निवडणूक या काँग्रेसचीच असते ना? मग बाणेरकर, रागावून घरी बसण्याची चैन आपल्याला परवडते, कारण आपली निवृत्ती पार पडली आहे. माझ्या तीस कामगारांच्या बाजूने तिथे बोलू शकेल असे मत या धाग्यावर आपल्या एकट्याकडे आहे. तेही आपण कोरे पाठवणार असाल, तर निदान निराशेला प्रामाणिकपणा म्हणू नका.

बाणेरकर

सर्वांचे आभार. शेवटचे उत्तर झोंबले, आणि त्याला मजजवळ प्रतिवाद नाही.

पेठकर काका, बँका वाचवायला माझा विरोध नव्हता. मिशिगनमधील कोणाही समंजस माणसाचा नसावा, कारण आमच्या कंपन्याही त्याच निधीतून वाचल्या. डिसेंबर 2008 मध्ये सिनेटने वाहन-कंपन्यांची मदत अडवली, तेव्हा बुश यांनी 17.4 अब्ज डॉलर याच 700 अब्जांतून दिले. म्हणूनच फरक डोळ्यांत भरतो. पैसा एकाच तिजोरीतला होता. आमच्याकडे तो कारखाने बंद करण्याच्या आणि वेतन कापण्याच्या अटींसह आला आणि न्यूयॉर्कला जवळजवळ विनाअट गेला. नफ्यासह परतफेड झाली, या हिशेबात घर गमावलेली कुटुंबे कोणत्या बाजूला मांडायची? 2009 ची गृहकर्ज-सवलत योजना 30 ते 40 लाख कुटुंबांसाठी जाहीर झाली होती आणि ती त्या आकड्याच्या फार अलीकडे थांबली. या मुद्द्यावर आपले एकमत होईल असे वाटत नाही.

स्टॅबेनॉ यांचे मत मला ठाऊक नव्हते. मी तेव्हा फक्त वर पाहत होतो. प्राथमिक निवडणुकीची सूचना मला पटते. उमेदवारांची जुनी मते काढून वाचतो, आयात शुल्काविषयी त्यांचे काय म्हणणे आहे, तेही पाहतो आणि दोन्ही निवडणुकांसाठी अर्ज या आठवड्यात पाठवतो. नोव्हेंबरात दोन्ही नावे पूर्वीसारखीच निघाली, तर काय करीन, याचे वचन मात्र आज देत नाही.

आता एक व्यावहारिक शंका. मतपत्रिका ईमेलने मागवता येते, पण भरलेली प्रत कागदावरच परत पाठवावी लागते. पुण्याहून कोणी अलीकडे अशी मतपत्रिका पाठवली असेल, तर स्पीड पोस्टने किती दिवस लागले, की खाजगी कुरिअरच बरे, हे कृपया सांगावे.