नायकाचे संवाद नायिकेच्या आवाजात का नकोत?

रातकिडा: काल इथे कुणीतरी लिहिलं की फँटसी रोमान्सचं ऑडिओबुक एकट्या बाईने वाचणं ही ऐकणाऱ्याची फसवणूक, नायकाचे संवाद पुरुषानेच बोलावेत. साफ चूक! 'फोर्थ विंग' (2023) ही कादंबरी घ्या. निवेदिका रिबेका सोलर नायिका व्हायलेट होऊन वाचते, नायक झेडनचे संवादसुद्धा. निवेदन प्रथमपुरुषी आहे. झेडनच्या वडिलांच्या मृत्यूमागे व्हायलेटची आई, त्यामुळे त्याचा शब्द आपल्याला तिच्या संशयातून गाळूनच ऐकू यायला हवा. शेवटचं प्रकरण झेडनचं, आणि तिथे टेडी हॅमिल्टन या निवेदकाचा आवाज येतो. आधीपासून तो बोलत असता तर हा धक्का बसलाच नसता.

पानउलटी: तत्त्व ठीक, कानाचं काय? पुरुषी आवाज काढायला घसा दाबला की वाक्याचं शेपूट विरतं. कडाक्याच्या भांडणात 'तो म्हणाला, ती म्हणाली' नसतं, मग कोण बोलतंय तेच कळत नाही.

कानसेन: घसा दाबते ती कच्ची निवेदिका. जाणती पट्टी थोडीच उतरवते. वेग बदलते, शब्द तोडायची जागा बदलते. उलट दोघांचे संवाद वेगळ्या स्टुडिओत, वेगळ्या दिवशी घेऊन जोडले की दोन खोल्यांचा नाद वेगळा लागतो. समोर कुणी नसताना चिडायचं कुणावर?

पानउलटी: नादाचं मान्य. पण पुस्तक वीस तासांहून लांब आहे. दीडपट वेग आणि शांतता गाळायची सोय चालू केली की हे काही जाणवत नाही.

रातकिडा: शांतता गाळून? मग ऐकता कशाला! समजा, तिचा खंजीर त्याच्या गळ्याशी आहे, तो 'मार' म्हणतो, ती थांबते. वैर त्या थांबण्यातच विरघळायला लागतं. 1.2 सेकंदांचा विराम दीडपट वेगात 0.8 होतो, वर तुम्ही उरलेलाही छाटता.

पानउलटी: आवाज चढवू नका. निवेदन ताशी साधारण 9,000 शब्द, म्हणजे मिनिटाला 150. डोळ्यांनी वाचणारा सहज 250 वाचतो.

कानसेन: डोळ्यांना श्वास ऐकू येत नाही. आणि खरी कत्तल संपादनात होते, त्यावर कुणी बोलत नाही. एसीएक्सला, म्हणजे ऑडिओबुक विक्रीला लावायच्या ऑडिबलच्या मंचाला, पार्श्वगोंगाट -60 डेसिबलच्या खाली, सरासरी पातळी -23 ते -18 आणि शिखर -3 च्या आत लागतं. तिथे पोचायला नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय, घट्ट लावतात आणि कुजबुजीतले शेवटचे शब्द गिळले जातात. मग कंप्रेशन इतकं, की ओरडणं नि कुजबुज एकाच पातळीवर. श्वास 6 ते 10 डेसिबलने उतरवावा, पुसू नये. पुसलाच तर तिथे त्याच खोलीची नोंदवलेली शांतता भरावी, नाहीतर आवाजात भोक पडल्यासारखं वाटतं.

पानउलटी: बरं, शांतता गाळणं बंद. वेग 1.25, त्याखाली येणार नाही. पण प्रकरणं आलटून-पालटून दोघांची असतील तर?

रातकिडा: तिथे दोन आवाज हवेतच. फक्त ज्याचं प्रकरण त्यानेच दुसऱ्याचे संवादही वाचावेत. तिच्या प्रकरणात उद्धट वाटलेलं वाक्य त्याच्या प्रकरणात घाबरलेलं ऐकू येतं.