घरच्या नेटवर्कवर गाणी: दोन ट्रॅकच्या मधे तानपुरा तुटतो, काय करू?

सूरवेडा_नाशिक
नमस्कार मंडळी, बाबांच्या शास्त्रीयच्या सगळ्या सीड्या फ्लॅकमधे (आवाजाचा दर्जा कमी न करणारा फाइलचा प्रकार) रिप करून जुन्या लॅपटॉपवर ठेवल्यात आणि तिथून डीएलएनएने (घरच्या नेटवर्कवरून एका यंत्रातली गाणी दुसऱ्यावर वाजवायची पद्धत) हॉलमधल्या वायफाय स्पीकरवर लावतो. आवाज झकास आहे पण एक गोष्ट फार खटकते. बऱ्याच सीड्यांवर विलंबित एक ट्रॅक आणि द्रुत पुढचा, मधे तानपुरा सलग चालू असतो. इथे ट्रॅक बदलताना सेकंदभर सगळं गप्प, मग परत सुरू. बाबा डोळे मिटून ऐकत असतात, ते दचकून विचारतात, बंद पडलं का रे? शिवाय संध्याकाळी मधेच अडकतं पण. जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी पडून आहे, ती वापरता आली तर उत्तमच. काय करावं?

तारवाला
फाइल्स फ्लॅक आहेत ना, मग दोष फाइलचा नाही. एमपीथ्री असती तर तिच्या सुरुवातीला-शेवटी थोडी शांतता एन्कोडरच घालतो. तुमच्याकडे होतंय ते असं, की डीएलएनएमधे चालू ट्रॅक संपायच्या आधीच पुढचा सांगून ठेवायची सोय आहे पण ती ऐच्छिक, त्यामुळे बऱ्याच स्पीकरांत नसतेच, मग एक संपला की दुसरा मागवायचा, भरायचा, वाजवायचा, यात तो सेकंद जातो.

माझं मत स्पष्ट आहे, शास्त्रीय ऐकणाऱ्याने गॅपलेस (दोन ट्रॅकच्या मधे खंड न पाडणारा) नसलेला प्लेयर घेऊच नये, बाकी फीचर्स कितीही असोत. लॅपटॉपवर लिरियन म्युझिक सर्व्हर टाका, प्लेयरला गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. हा म्हणजे जुना स्क्वीझबॉक्सचा सर्व्हर, लॉजिटेकने २०१२ च्या सुमारास ते प्लेयर बंद केले तरी सर्व्हर ओपन सोर्स असल्यामुळे लोकांनी जिवंत ठेवला, आता नाव बदललंय एवढंच. प्लेयर म्हणून रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, जुना पाय ३ मिळाला तरी पुरतो, त्यावर पायकोअरप्लेयर हे सॉफ्टवेअर. तो पुढचा ट्रॅक आधीच बफरमधे (तात्पुरत्या साठ्यात) भरून ठेवतो, तानपुरा तुटत नाही. पायच्या हेडफोन जॅकमधून मात्र ॲम्प्लिफायरला देऊ नका, आवाज अगदीच सुमार असतो, छोटा यूएसबी डॅक (डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला चालेल असा करून देणारी डबी) लावा.

गच्चीवरचा_राउटर
संध्याकाळी अडकतं म्हणजे बहुतेक शेजारच्यांचे वायफाय. सीडीचा आवाज १४११ केबीपीएस, फ्लॅक झाल्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे स्पीड भरपूर आहे, पण बिल्डिंगमधे सगळेच २.४ गिगाहर्ट्झवर असले की डेटाची पॅकेट अडकतात आणि बफर रिकामा होतो. ५ गिगाहर्ट्झवर टाकून बघा, भिंती जास्त असतील तर ते पोचत नाही, मग सरळ लॅन केबल ओढा. निदान लॅपटॉप तरी केबलने राउटरला जोडा, नाहीतर तेच गाणं हवेतून दोनदा जातं, लॅपटॉप ते राउटर आणि राउटर ते प्लेयर.

आणि प्लेयरला सर्व्हर सापडला नाही तर गेस्ट नेटवर्कवर नाही ना ते आधी बघा, तिथे एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसत नाही.

सूरवेडा_नाशिक
दोघांचेही आभार. बाबांना मोबाइलवरून जमेल का? आणि आमच्याकडे लाइट बरेचदा जाते, पाय बंद न करता वीज गेली तर त्याचं मेमरी कार्ड खराब होतं असं ऐकलंय.

तारवाला
जमेल की. मोबाइल फक्त रिमोट, आवाज त्याच्यातून जातच नाही, त्यामुळे फोन आला किंवा बॅटरी संपली तरी गाणं चालू राहतं. ब्राउझरमधे लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पुढे पोर्ट ९००० टाकलं की सगळं दिसतं, मटेरियल स्किन नावाचं प्लगइन घाला, अक्षरं मोठी करता येतात. तो आयपी राउटरमधे फिक्स करा म्हणजे लाइट आल्यावर बदलणार नाही.

पायकोअरप्लेयर चालू झाला की सगळा रॅममधे बसतो, कार्डवर सतत लिहीत नाही, म्हणून वीज गेल्याचा त्रास त्याला फारसा नाही. सेटिंग बदललं की सेव्ह तेवढं करा.

मैफल_संग्रह
टॅगचं (फाइलमधेच लिहिलेली गायक, राग वगैरे माहिती) आत्ताच बघा, हजार फाइल्स झाल्यावर हात लावावासा वाटत नाही. सीडीचे ऑनलाइन टॅग आपल्या संगीतासाठी बेभरवशाचे, कधी तबलजीचं नाव गायकाच्या जागी, तर कधी राग गायबच. मी जॉनरच्या रकान्यात रागाचं नाव टाकतो, मग यादीत मारवा दाबला की सगळ्या गायकांचे मारवे एकत्र समोर येतात, हे सीडीच्या कपाटात कधी होणार नाही. फ्लॅकमधे देवनागरी नीट चालतं. फक्त एकच स्पेलिंग धरा, यमन आणि ईमन असं दोन्ही लिहिलंत तर दोन राग दिसतील. आणि दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी आहे ना? नसेल तर आधी ती करा, पाय नंतर घ्या.