छोटं शंटिंग इंजिन घ्यायचंय, आणि ते ‘रन-इन’ कसं करतात?

पेठेतला_ड्रायव्हर
नमस्कार मंडळी. लेकीला घेऊन कर्वे रोडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियमला गेलो आणि किडा मलाच चावला. घरी ४ फूट बाय ३ फूट प्लाय पडून आहे. भाचा ब्रिस्टलला असतो, दिवाळीला येतोय, एक इंजिन आणतो म्हणालाय. हॉर्नबी कंपनीचं ओओ मापातलं (खऱ्याच्या १/७६) पेकेट डब्ल्यू४ मनात भरलंय, दोन आसांचं, पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी असलेलं. एवढ्या जागेत ते फिरेल का? नवं घ्यावं की जुनं? कंट्रोलरही तिकडूनच मागवू का? आणि आणल्यावर ‘रन-इन’ करा म्हणतात ते नेमकं काय? बायको विचारते, खेळण्याला कसलं आलंय रन-इन.

कुर्डुवाडीचा_फिटर
वहिनींना सांगा, खेळणं असलं तरी आत मोटर आहे आणि गिअर आहेत.

आधी जागेचं बघू. हॉर्नबीच्या पहिल्या त्रिज्येचं वळण ३७१ मिमीचं, म्हणजे व्यास ७४२. तुमचा प्लाय रुंदीला ९१४ मिमी, तेव्हा आरामात बसतं. दोन्ही अंगांना १६८ मिमीचे दोन-दोन सरळ तुकडे टाका, लांबीतही मावेल. दुसऱ्या त्रिज्येच्या (४३८ मिमी) नादी लागू नका. बसेल, पण रूळ काठाला टेकतील आणि घसरलेलं इंजिन थेट फरशीवर जाईल. पेकेट कंपनीची खरी इंजिनं कारखान्यांच्या आणि खाणींच्या आवारात वाघिणी ढकलायला होती, आखूड आसांची, त्यामुळे पहिल्या त्रिज्येवर ते तोंड वाकडं करणार नाही. भाच्याला सांगा, ही इंजिनं त्याच्याच गावात, ब्रिस्टलच्या ॲटलस वर्क्समध्ये बनायची.

आता रन-इन, म्हणजे नवं इंजिन आधी रिकामं फिरवून आतले भाग नीट बसवणं. मोटरच्या कार्बन ब्रशचं टोक कम्युटेटरच्या (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारी कडी) गोलाईवर पुरतं बसलेलं नसतं. ते झिजून बसेपर्यंत संपर्क अर्धवट, म्हणून नवं इंजिन हळू वेगात झटके देतं. गिअरच्या दातांचंही तेच. आमच्या वर्कशॉपात पीओएच (ठरावीक मुदतीची मोठी दुरुस्ती) होऊन निघालेलं इंजिनसुद्धा लगेच गाडीला जोडत नसत. रिकामं फिरवायचं, थांबवायचं, ॲक्सल बॉक्सला (आसाच्या बेअरिंगची पेटी) हात लावून तापलंय का बघायचं. तुम्हीही तेच करा. वाघीण न जोडता, अर्ध्या वेगाच्या आसपास, अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे. मध्ये थांबवून पाठीला बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका नको.

एक गोष्ट बहुतेक जण सोडतात. गोल लूपवर एकाच बाजूने फिरवलं की फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) एकाच अंगाने घासतो, म्हणून मध्ये इंजिन उचलून तोंड फिरवून ठेवायचं. डीसीवर यात गंमत आहे. कंट्रोलर तसाच ठेवून इंजिन उलटं ठेवलं, तरी ते जात होतं त्याच दिशेला जातं, फक्त आता रिव्हर्समध्ये. कारण दिशा ठरवतं रुळांचं प्लस-मायनस, इंजिनाचं तोंड नव्हे. म्हणजे घड्याळाच्या दिशेने पुढे आणि मागे, उलट दिशेने पुढे आणि मागे, असे चार प्रकार होतात. चारही करा.

सुरुवातीला तेल घालू नका, कारखान्यातून घातलेलं असतं. नंतर लागलं तर प्लास्टिकला चालणारं पातळ तेल सुईच्या टोकावर घ्या आणि आस जिथे चौकटीत फिरतो तिथे टेकवा. थेंब पडला तर जास्त झालं. ते चाकांवरून रुळावर येतं, वर धूळ बसते, आणि मग ‘इंजिन खराब निघालं’ म्हणून ओरड.

तपकीर_गल्ली
कंट्रोलर तिकडून कशाला? आपल्या तपकीर गल्लीत १२ व्होल्टचा ॲडॉप्टर आणि पीडब्ल्यूएम (वीज झटक्या-झटक्याने देणारा) स्पीड रेग्युलेटर मिळतो. दिशा बदलायला एक डीपीडीटी (दोन वायरींची अदलाबदल करणारा) स्विच. एकमेकींना ओलांडून जोडलेल्या दोन वायरी, झालं काम.

कुर्डुवाडीचा_फिटर
काम होईल, पण ते रेग्युलेटर पंखे-पंप फिरवायला असतात. छोट्या मोटरला त्यांचे झटके सोसत नाहीत, मोटर किणकिणते आणि तापते. त्यात रुळावर इंजिन घसरलं की शॉर्ट, आणि स्वस्त ॲडॉप्टरला कटआउट असेलच असं नाही. मी तरी नव्या इंजिनावर हा प्रयोग करणार नाही. इंग्लंडचा कंट्रोलर आपल्या २३० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलायची. अमेरिकेतून कोणी आणत असेल तर मात्र लेबल वाचा, तिथे १२० व्होल्ट. आणि भाच्याला एक विचारायला सांगा, मोटर कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) आहे का? असेल तर जुन्या पद्धतीचे फीडबॅकवाले (मोटरचा वेग जोखून वीज कमीजास्त करणारे) कंट्रोलर घेऊ नयेत.

स्विंडनची_काकू
जुन्या मालाबद्दल मी सांगते. इथे इंग्लंडात प्रदर्शनांत जुन्या इंजिनांची टेबलं असतात आणि मोह आवरत नाही. दोन गोष्टी बघायला सांगा. एक, चासी, म्हणजे खालचा सांगाडा. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ असली की काही वर्षांनी तो फुगतो, तडकतो, भुसा होतो. इथे त्याला ‘मझाक रॉट’ म्हणतात, आणि त्यावर उपाय नाही. वरचं कवच तिरकं बसलेलं दिसलं, बफर खाली झुकलेले दिसले, की हात जोडून पुढे जायचं. दुसरं, विकणाऱ्याला समोर चालवून दाखवायला सांगा, तेही अगदी हळू. भरधाव सगळीच पळतात. एकदा मला एकाने ‘टेस्टेड’ म्हणून दिलेलं इंजिन घरी येऊन फक्त गुरगुरलं, जागचं हललंच नाही. पहिलंच इंजिन आहे तर नवंच घ्या, भाऊ.

पेठेतला_ड्रायव्हर
काकू, फिटरसाहेब, आभार. नवंच मागवतोय. एक सांधा (एका रुळातून दुसरा फुटतो ती जागा) टाकून बाजूला छोटी सायडिंग काढली तर?

कुर्डुवाडीचा_फिटर
काढा, पण खरी परीक्षा तिथेच आहे. साध्या सेटट्रॅकच्या (तयार तुकड्यांचे रूळ) सांध्यात मधला फ्रॉग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, प्लास्टिकचा असतो, तिथे वीज नाही. मोठं इंजिन मागच्या-पुढच्या चाकांवर निभावून नेतं. दोन आसांचं हळू गेलं की एक चाक प्लास्टिकवर, दुसऱ्याखाली धुळीचा कण, आणि गाडी ठप्प. बोटाने ढकला की निघतं, पण मजा जाते. पेको कंपनीचे इलेक्ट्रोफ्रॉग किंवा युनिफ्रॉग, म्हणजे धातूच्या फ्रॉगचे सांधे घ्या आणि फ्रॉगला स्विचमधून वायर द्या.

इंजिन उलटं धरून चाकांच्या मागे बघा. केसासारख्या धातूच्या पट्ट्या चाकाच्या पाठीला टेकलेल्या दिसतील, वीज त्याच उचलतात. एखादी सुटलेली असेल तर टूथपिकने हलकेच आत लोटा. निम्म्या ‘बंद पडलेल्या’ इंजिनांचा रोग हाच.

रुळांना पॉलिश पेपर लावू नका, ओरखड्यांत घाण साचते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं, बास. पुण्याच्या पावसाळ्यात प्लाय फुगतो, त्याला आधी दोन्ही बाजूंनी वार्निश मारा. पंख्याखाली मांडू नका.

तपकीर_गल्ली
फिटरसाहेब, आपली जुनी नॅरोगेज बार्शी लाइट करायची झाली तर याच रुळांवर होईल का हो?

कुर्डुवाडीचा_फिटर
नाही. बार्शी लाइट अडीच फुटी होती, ७६२ मिमी. एचओ मापाचं प्रमाण १:८७, त्या ८७ ने भागा, पावणेनऊ मिमी येतात, म्हणजे ९ मिमीचा एचओई (एचओ मापातल्या नॅरोगेजचा) रूळ जवळजवळ नेमका बसतो. ओओचा रूळ साडेसोळाचा. तुमचा माथेरानचा बेत असेल तर तो दोन फुटी, तिथे ओओ९ (ओओ माप, ९ मिमीचा रूळ) जवळ जातं, ६१० भागिले ७६ म्हणजे ८. बाखमन कंपनीच्या ओओ९मध्ये बाल्डविनचं छोटं इंजिन आहे. ती खरी इंजिनं पहिल्या महायुद्धात खंदकांमागच्या लाइनींवर होती, नंतर काही भारतात येऊन साखर कारखान्यांत ऊस ओढू लागली. त्याच्या नावाने वेगळा धागा काढा, इथे पेठेतल्या साहेबांचा सांधा अजून बसायचाय.