तिघांचे कोड एकत्र करताना एकाचे काम पुसले गेले. नेट नसलेल्या भागात गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) सोडावे का?

दारव्हेकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही तिघे मिळून एका जिनिंगसाठी (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यासाठी) कापसाची आवक, काटापट्टी आणि रुई-सरकीचा हिशेब ठेवणारी प्रणाली पायथनमध्ये लिहीत आहोत. मी दारव्ह्याला असतो, एक सहकारी आर्णीला आणि तिसऱ्या ताई नागपूरला. इकडे दिवसा भारनियमन असते आणि नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, म्हणून प्रत्येकाने आठवडाभर आपापल्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) काम करावे आणि रविवारी तिन्ही ब्रँच मर्ज, म्हणजे एकत्र, कराव्यात, असे आम्ही ठरवले होते. मागच्या रविवारी मात्र ज्या फाइलीत मी जेमतेम चार ओळी बदलल्या होत्या, ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कॉन्फ्लिक्टमध्ये (कोणाचा बदल ठेवायचा हे गिटला ठरवता येत नाही अशा अवस्थेत) दिसू लागली. रात्री अकरा वाजता वैतागून मी माझीच प्रत कायम ठेवली, आणि आर्णीच्या सहकाऱ्याने लिहिलेली ओलाव्याच्या कपातीची आकारणी त्यात पुसली गेली. मंगळवारी एका शेतकऱ्याच्या हातात चुकीची काटापट्टी पडली, तेव्हा कुठे हे ध्यानात आले. आमच्यासारख्यांनी गिटऐवजी दुसरे काही वापरावे का?

संत्रानगरी

गिट सोडू नका. नेट अधूनमधून जाणाऱ्यांना त्याच्याइतके सोयीचे साधन क्वचितच मिळेल. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिले, तेव्हाच प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहास असावा अशी त्याची रचना केली. त्यामुळे कमिट करणे (बदलाची नोंद करणे), ब्रँच काढणे, जुना बदल पाहणे हे सारे नेटशिवाय होते. नेट लागते ते फक्त देवाणघेवाणीला. सबव्हर्जन या अशाच दुसऱ्या साधनात साध्या कमिटसाठीही सर्व्हर गाठावा लागतो.

सबंध फाइल कॉन्फ्लिक्टमध्ये आली, यावरून माझा संशय ओळींच्या शेवटांवर जातो. विंडोज ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी दोन अक्षरे ठेवते, लिनक्स फक्त लाइन फीड ठेवते. तुमच्यापैकी एकाच्या एडिटरने सगळ्या ओळींचे शेवट बदलले असतील, तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण गिटला प्रत्येक ओळ नवी वाटते. प्रकल्पात गिटॲट्रिब्यूट्सची फाइल ठेवून त्यात सर्व मजकूर-फाइलींना ‘ऑटो’ लावा आणि नंतर ‘गिट ॲड’ला ‘रीनॉर्मलाइज’ हा पर्याय देऊन एकदाच सर्व फाइली सारख्या करा. मात्र हे करताना इतर दोघांचे काम अर्धवट पडलेले नसावे, नाहीतर तोच गोंधळ पुन्हा होईल.

पुसलेला कोड गेलेला नाही. सहकाऱ्याचा कमिट इतिहासात तसाच आहे. तो शोधून त्यातील आकारणी परत आणता येईल.

आर्वीचा_कोडकरी

वरील निदान मला पटते, पण खरे दुखणे आठवड्याच्या अंतरात आहे. रोजच्या बदलांचा आकार बहुधा काही किलोबाइटच भरतो, तो हॉटस्पॉटवर एका मिनिटात जातो. जड असतात ती लायब्ररी (तयार कोडचे संच) आणि डॉकरच्या इमेजेस (प्रणाली चालवायला लागणारे सारे एकत्र बांधलेल्या फाइली). त्या नागपूरच्या ताईंनी एकदा उतरवून पेनड्राइव्हवर द्याव्यात (आमच्याकडे असा पेनड्राइव्ह एसटीने येतो, हे हसण्यावारी नेऊ नका). नेट दोन-चार दिवस अगदीच नसेल, तर ‘गिट बंडल’ने कमिट एका फाइलीत बांधून तीही त्याच वाटेने पाठवता येते. रोज संध्याकाळी वीज आली की आधी पुल (इतरांचे बदल घेणे), मग पुश (आपले बदल पाठवणे), आणि ब्रँच दोन दिवसांपेक्षा जुनी होऊ द्यायची नाही, एवढे पाळले तर कॉन्फ्लिक्ट चार ओळींचाच राहतो.

कोड रिव्ह्यूचा, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने तपासण्याचा, बडेजाव तिघांच्या गटाला परवडत नाही, असे माझे मत आहे.

संत्रानगरी

इथे मी असहमत आहे. पैशाचा हिशेब करणारी फाइल दुसऱ्या नजरेखालून गेल्याशिवाय मर्ज होऊ नये. बाकी फाइलींना सूट द्या. त्याच्या जोडीला कोड बरोबर उत्तर देतो का हे आपोआप पाहणाऱ्या चाचण्या हव्यात. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांवर खरेदी नाही, असा नियम असतो. तुमच्या जिनिंगची मर्यादा काहीही असो, तिच्यावरचा आणि तिला लागून असलेला आकडा, म्हणजे ८ आणि ८.१, १२ आणि १२.१, यांच्या चाचण्या पायटेस्ट या पायथनच्या चाचणी-साधनात लिहून ठेवल्या असत्या, तर आकारणी पुसली गेल्याचे रविवारी रात्रीच कळले असते.

दारव्हेकर

आपण दोघांचेही आभार. आर्णीच्या सहकाऱ्याने नव्या विंडोज लॅपटॉपवर दुसरा एडिटर घेतला होता आणि ओळींचे शेवट तिथेच बदलले होते. कमिट सापडला, आकारणी परत आली, परंतु चाचणी लावल्यावर १२.१ टक्क्यांलाही ती निमूटपणे पट्टी छापते, असे दिसले. म्हणजे चूक मर्जच्या आधीपासूनच होती. ती दुरुस्ती ताईंनी तपासायला घेतली आहे. तिघांचेही काम शनिवारी रात्री पुश झाले की मग रीनॉर्मलाइज करतो.