मदत हवी आहे: ओमनीच्या पुढच्या काचेतून पाणी येतंय, कोणतं सीलंट लावू?

कडकभाकरी
पुढच्या काचेतून पाणी आत येतंय. दोनदा सिलिकॉन मारून झालं, थांबायचं नाव नाही. कोणतं सीलंट घ्यावं? परवा पहाटे टॉवेलचे गठ्ठे घेऊन लातूरला निघायचंय, लवकर सांगा.

सातरस्ता
पाणी नेमकं कुठं टपकतं? काच मध्ये कधी बदलली होती का? काचेभोवतीचं रबर मूळचं की नवं? सिलिकॉन कुठं मारलं, रबराच्या वरून की ओठाखाली, म्हणजे काचेवर-पत्र्यावर दाबून बसणाऱ्या रबराच्या कडेखाली? हे कळल्याशिवाय सीलंटचं नाव सांगून उपयोग नाही ओ.

शेंगाचटणी
एम-सील लावा. दगडासारखं बसतं, स्वस्तात काम.

भीमाकाठ
दगडासारखं बसतं हाच इथं दोष आहे. खड्ड्यात गाडीची बॉडी पिळते, काच आणि पत्रा वेगवेगळे हलतात. कडक पुटीला लगेच तडा जातो आणि त्या तड्यातून पाणी शिरतं. एम-सील पाण्याच्या टाकीला ठीक, काचेला नको.

पार्कचौपाटी
एसीचं पाणी नाही ना? ड्रेनची नळी तुंबली की पायाशीच येतं.

कडकभाकरी
एसी नाहीच. गाडी २०१२ ची. ड्रायव्हरच्या पायाशी, क्लचच्या वर टपकतं, म्हणून खालच्या कोपऱ्यात वरूनच सिलिकॉन मारलं. काच ३ वर्षांपूर्वी बदलली, रबर जुनंच घातलं. आता सीलंटचं नाव सांगा.

सातरस्ता
टपकतं तिथंच शिरतं असं नसतं. रबराला आतून खाच असते. पाणी वरच्या कोपऱ्यात शिरलं तरी त्या खाचेतून घरंगळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून बाहेर पडतं. तुम्ही बाहेर पडायची वाट बंद केली, शिरायची तशीच उघडी. आता पाणी रबरात साचून पत्रा खाणार.

आधी शोध घ्या. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं. रबराच्या आतल्या कडेला सगळीकडे टिश्यू पेपर खोचा. दुसऱ्यानं बाहेरून साध्या पाइपनं, जोर न देता, खालच्या कडेपासून सुरुवात करायची. प्रत्येक भागावर ५ मिनिटं, मग हळूहळू वर. वरून सुरू केलंत तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. ज्या भागावर पाणी सोडताना कागद पहिल्यांदा ओला होतो, ती शिरायची जागा. वायपरच्या दांडीखालचं रबरी बुशही तपासा, तिथलं पाणीही पायाशीच येतं.

हुतात्माबाग
काचेला आतून वाफ धरत असेल तर शेव्हिंग फोमचा पातळ हात फिरवून कोरड्या फडक्यानं पुसा.

भीमाकाठ
प्रश्न वाफेचा नाही.
माझं मत, काच काढूनच पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटमध्ये बसवा. २०१२ चं रबर सोलापूरच्या उन्हात इतकी वर्षं भाजलंय, त्याच्या ओठात जीव उरला नसणार.

सातरस्ता
रबर बदला, हे मान्य. पीयू मान्य नाही. ते चिकटवलेल्या काचेसाठी. रबराच्या काचेला लावलं तर काच, रबर, पत्रा तिन्ही एक होतात. पुढच्या वेळी सुरीनं कापावं लागतं आणि तेव्हा काच तडकायची भीती असते. इथं काळं, न सुकणारं ब्युटाइल सीलंट हवं. काचेचा घेर साधारण ४ मीटर. ५ मिमीची धार धरली तर एका फेरीला ८० मिली लागतं. काचेकडचा ओठ आणि पत्र्याकडचा ओठ मिळून १६० मिली. ३१० मिलीची एक नळी पुरून उरते.

शेंगाचटणी
नवी काच घेऊन विम्यातून पैसे काढा की.

पार्कचौपाटी
काच फुटलेली नाही. रबराची झीज विम्यात येत नाही.

कडकभाकरी
पाइप लावून बघितलं. ड्रायव्हरच्या बाजूचा वरचा कोपरा, कागद तिसऱ्या मिनिटाला ओला. तिथं रबराचा जोड आहे, जोडात नख जातं. खालचं सिलिकॉन ओढून काढलं तर व्हिनेगरसारखा वास आणि खाली पत्र्याला तांबूस पापुद्रे. परवा निघू का नको?

सातरस्ता
रबर आकसून जोड उघडलाय. निघा, पण तात्पुरतं एवढं करा. सकाळी ९ च्या आत, काच गार असताना, जोड कोरडा करा. जुन्या एटीएम कार्डानं ओठ उचला, ब्युटाइलच्या नळीचं टोक ओठाच्या खाली घालून दोन्ही बाजूंना १५-१५ सेंमी धार सोडा, ओठ दाबा. बाहेर आलेलं टर्पेंटाइनच्या चिंधीनं लगेच पुसा. रबर भिजवू नका, फुगतं. खालच्या कोपऱ्यात काहीच लावू नका, साचलेलं पाणी निघून जाऊ द्या.

भीमाकाठ
आणि व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन पत्र्याजवळ पुन्हा नको. सुकताना त्यातून आम्ल सुटतं, त्यानंही गंज धरतो.

लातूरहून आल्यावर खरं काम. काच काढायची, सिलिकॉनचा कण न् कण खरवडायचा, कारण त्यावर ना रंग धरतो ना सीलंट. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, गंज रोधक, मग इपॉक्सी प्रायमर, वर रंग, २४ तास वाळू द्या. नवं रबर काचेवर चढवून जोड वरच्या कडेच्या मध्यावर ठेवा, कोपऱ्यात नको. पत्र्याकडच्या खाचेत ५ मिमीची नायलॉन दोरी फिरवा, दोन्ही टोकं खाली मध्यावर ३० सेंमी एकमेकांवर. साबणाचं पाणी लावा. एकानं आतून दोरी ओढायची, दुसऱ्यानं बाहेरून तळहातानं काच दाबायची. ठोकायचं नाही. सीलंट त्यानंतर, साबणाचं पाणी पूर्ण वाळल्यावर.

कडकभाकरी
पत्र्याला भोक पडलं असेल तर?

भीमाकाठ
टोचणीनं टोचून बघा. आरपार गेली तर आधी डेंटरकडे पट्टी वेल्ड करून घ्या, भोक सीलंटनं बुजवू नका. आणि काम झाल्यावर महिनाभर वॉशिंग सेंटरची प्रेशर गन काचेच्या कडेला मारू देऊ नका.