दिवाळीचा बोनस दिला, पण सुट्टीचं काय? (अनुभव धागा)

दसरा झाला की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकच विषय: "तुम्ही कामाच्या बाईंना किती देणार?" आपल्यामुळे भाव वाढायला नको, ही त्यामागची खरी काळजी! एक महिन्याचा पगार बोनस म्हणून द्यायचा, हा शहरांत बऱ्यापैकी रुळलेला रिवाज आहे. बोनसच्या कायद्यातही किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्साच येतो. पण तो कायदा २० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी. घरात सगळं रिवाजावर आणि घरमालकिणीच्या मर्जीवर.

मला मात्र बोनसपेक्षा सुट्टीबद्दल ऐकायचंय. बोनसला हात सैल सुटतो आणि त्याच महिन्यात दोन खाडे जास्त झाले की कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी फुल्या पडतात. तुमच्याकडे भरपगारी सुट्ट्या किती? बाई गावाला गेल्या तर पगाराचं काय? आकड्यांसकट लिहा. उपदेश नको.

कोथरूड, पुणे

आमच्या घरची पद्धत सासूबाईंच्या काळापासूनची. १९८० साली पुण्यात मोलकरणींचा संप झाला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. वाड्यातल्या बायका तेव्हा नळावर स्वतः भांडी घासायला बसल्या होत्या, हे सासूबाई अजून रंगवून सांगतात. महिन्याला दोन सुट्ट्या भरपगारी, आजारपण वेगळं. मी त्यात एक भर घातली: न घेतलेल्या सुट्ट्यांचे पैसे दिवाळीला द्यायचे, पण वेगळ्या पाकिटात. एकाच पाकिटात घातले की ते बोनसमध्ये गडप होतात, असं आमच्या बाईंनीच सुनावलं होतं.

डोंबिवली

आम्ही दोघंही लोकलवाले. आदल्या दिवशी सांगून घेतलेल्या सुट्टीचा पगार मी कधीच कापत नाही. न सांगता मारलेल्या दांडीचा कापते आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. सिंकमध्ये रात्रीची भांडी, मुलाचा डबा व्हायचाय आणि बाईंचा फोन बंद, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल. बोनस पूर्ण पगाराएवढा, शिवाय फराळ.

नाशिक

आम्ही म्हातारा-म्हातारी पेन्शनवर. भांडी, केर-फरशी मिळून १,८०० देतो, बोनसही तेवढाच. साडी मात्र बंद केली. चार घरच्या चार सिंथेटिक साड्या, वर फॉल-पिको आणि ब्लाऊजची शिलाई तिच्याच खिशातून. एकदा तिनंच विचारलं, "काकू, साडीऐवजी पैसे द्याल का?" तेव्हापासून तेच चालू आहे. सुट्टीचं आमच्याकडे काही ठरलेलं नाही. ती नाही आली तर हे केर काढतात, मी भांडी घासते.

ठाणे (आई घरकाम करते)

तुम्ही सगळे देणाऱ्या बाजूनं लिहिताय, मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. माझी आई घरोघरी धुणीभांडी करते. दिवाळी हा तिच्यासाठी वर्षातला सगळ्यात दमवणारा पंधरवडा. माळ्यावरचे डबे खाली येतात, पितळी भांडी चिंच लावून घासायची, पंखे पुसायचे, आणि चकल्या-शेवेच्या तेलकट कढया रोज. त्या कढईला तळाशी जळका थर बसतो, तो सुटेपर्यंत तिची बोटं सोलवटतात. ही कामं पगारात धरलेली नसतात. "दिवाळीचं एवढं करून द्या हो मावशी," म्हटलं की झालं. बोनस मिळतो त्यातला निम्मा त्या कामाचाच असतो, असं माझं मत.

सुट्टीचं तर गणितच वेगळं आहे. आईची तेव्हा पाच घरं होती, पाचही महिन्याला दोन सुट्ट्या देत. म्हणजे कागदावर दहा सुट्ट्या झाल्या! पण एक घर म्हणतं रविवारी नको, पाहुणे येतात. दुसरं म्हणतं रविवारीच घे, आम्ही घरी असतो. तिसरं म्हणतं आम्ही बाहेरगावी जाऊ तेव्हा घे. आईला पूर्ण मोकळा असा एकही दिवस मिळत नव्हता. रोज कुठल्या ना कुठल्या घरची बेल वाजवायचीच. शेवटी मी तिच्या फोनवरून पाचही घरांना एकच मेसेज टाकला: दुसरा आणि चौथा बुधवार सुट्टी. चार घरांनी मानलं. पाचवं काही दिवस कुरकुरत राहिलं, मग आईनंच ते सोडलं. आता बुधवारी ती दुपारी झोपते. आधी मी तिला दुपारी झोपलेलं फक्त तापात बघितलं होतं.

कोथरूड, पुणे

ठाणेकर, आमच्या बाईंचीही चार घरं आहेत. बाकीच्या तिन्ही घरच्या बायका याच इमारतीत राहतात. आज संध्याकाळीच बोलून घेते.

मडगाव, गोवा

आमच्याकडे दिवाळीपेक्षा चवथ मोठी. बोनस चवथीच्या आधीच द्यायचा, कारण माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या छताचं) सामान, नेवऱ्यांचं म्हणजे करंज्यांचं सारण, सगळा खर्च तेव्हाच. गणपती दीड दिवसाचा असो की पाच दिवसांचा, तो घरात असेपर्यंत कामवाली येत नाही. त्या दिवसांचा पगार कापायची छाती कुणाची होत नाही. शेजारच्या ख्रिस्ती घरी नाताळला देतात. त्यांची बाई हिंदू, ती म्हणते मला दोन्ही चालतं!

सिंगापूर

इथे आठवड्याची सुट्टी २०१३पासून कायद्यात आहे. पण मदतनीस राजी असेल तर सुट्टीऐवजी पैसे देता येत, आणि कितीतरी घरं पैसेच देत. १ जानेवारी २०२३पासून महिन्यातली निदान एक सुट्टी तरी प्रत्यक्ष द्यावीच लागते, तिच्या बदल्यात पैसे चालत नाहीत. तेव्हा आपल्याच मराठी मंडळींची कुरकुर मी ऐकली आहे. आमची मदतनीस इंडोनेशियाची, त्यामुळे बोनस ईदला. दिवाळीला ती चकल्यांचा घाणा सांभाळते, आणि सोऱ्या माझ्यापेक्षा छान फिरवते.

नागपूर

सुट्टीचा खरा पेच सांभाळायला ठेवलेल्या माणसाच्या बाबतीत येतो. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत बारा तासांच्या ताई येतात. ब्युरोचा नियम: ताईंनी सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे बदलीच्या बाईला. म्हणजे सुट्टी मिळते, पण बिनपगारी. आम्ही महिन्याला चार सुट्ट्यांचे पैसे ताईंनाही देतो आणि बदलीलाही. साधारण तीन हजार जादा जातात, भार जाणवतो, खोटं कशाला बोलू. पण ज्या बाईच्या हातानं बाबा उठतात-बसतात, ती थकलेली परवडणार नाही.

भाऊबीजेला बदलीही मिळत नाही. तिलाही भाऊ असतोच ना. तो दिवस मी आणि माझा भाऊ वाटून घेतो. डायपर बदलताना बाबांना आमचा संकोच वाटतो, ताईंचा वाटत नाही.

सांगली

कायद्याचं कुणी विचारण्याआधी सांगतो. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८चा आहे. १८ ते ६० वयाच्या कामगारांची त्यात नोंद होते, मंडळाकडून काही मदत मिळते. पण तुमच्या घरात सुट्टी किती, बोनस किती, हे तो ठरवत नाही. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले.

नोंदणी मात्र करून द्याच. २०२१च्या कोरोना निर्बंधांत राज्य सरकारनं नोंदीत घरकामगारांना दीड हजार रुपये दिले. आमच्या बाईंना ते मिळाले नाहीत, कारण नोंदच नव्हती. ज्या घरी त्या आधी काम करत, तिथे "सही केली की पुढे क्लेम लावेल" म्हणून नोंदणीच्या दाखल्यावर सही द्यायला नकार मिळाला होता.

पिंपरी

नवीन आहे, साधा प्रश्न. आमच्या बाई जूनमध्ये लागल्या. बोनस पूर्ण द्यायचा की महिन्यांच्या हिशेबानं?

डोंबिवली

पगार भागिले बारा, गुणिले महिने. ऑफिसात आपल्यालाही तसाच मिळतो.

नाशिक

पूर्ण द्या हो. दीड-दोन हजारांच्या बोनसला कसला भागाकार करता!

ठाणे (आई घरकाम करते)

आईला विचारलं. ती म्हणाली, किती द्यायचे ते त्यांचं त्यांनी बघावं, पण वसुबारसेच्या आधी द्या म्हणावं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाकीट मिळतं, तोवर तेल, साखर, पोरांचे कपडे सगळं उधारीवर आणून झालेलं असतं.